चौकशीपूर्वीची चौकशी

वर्तमानपत्राच्या इतर पानांविषयी वाचकाने तक्रार करावयाची ती बहुधा त्यांतील मजकुराच्या खरेखोटेपणाविषयी. बाजाराच्या पानाविषयी मात्र ती तक्रार चालत नाही, कारण तेथे छापलेले आकडे सामान्यतः खरेच असतात. अमुक कंपनीचा शेअर काल अमुक भावाने विकला गेला, अमुक बँकेने इतका नफा जाहीर केला, अमुक योजनेस सरकारने मंजुरी दिली, ही विधाने कोणीही ताडून पाहावी, ती टिकतात. आणि तरीही, अशा टिकणाऱ्या विधानांवर विसंबून ज्यांनी आयुष्यभराची पुंजी घालविली अशा माणसांची परंपरा या देशात दीडशे वर्षांहून अधिक जुनी आहे. खोट्या बातमीने माणूस फसतो यात नवल नाही. खऱ्या बातमीने तो कसा फसतो हे ज्याला समजून घ्यावयाचे असेल, त्याने आजच्या निर्देशांकाकडे आणि नव्या भागविक्रीच्या जाहिरातींकडे वळण्यापूर्वी १८६१ ते १८६५ या काळातील मुंबईचा इतिहास वाचावा. कारण त्या काळी मुंबईत जी अर्थवार्ता पसरली तीत असत्य फार थोडे होते, आणि तिच्यामुळे जो अनर्थ ओढवला तो निव्वळ असत्याने क्वचितच ओढवला असता.

त्या कथेचा उगम मुंबईपासून अर्ध्या पृथ्वीच्या अंतरावर आहे. १८६१ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण राज्यांत यादवी पेटली, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि ज्या कापसावर लँकेशायरच्या गिरण्या चालत त्याचा मुख्य झराच आटला. लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला ‘सुरती’ म्हणत आणि निरुपाय झाल्याखेरीज त्याला कोणी हात लावीत नसे. आता निरुपाय झाला होता, आणि १८६० साली ज्या भावाने हा कापूस तेथे विकला जाई त्याच्या चौपट भाव १८६४ पर्यंत त्याला मिळू लागला. ‘बॉम्बे गॅझेट’चा संपादक मॅक्लीन याने पुढे हिशेब मांडला तो असा, की मुंबई ज्याला पूर्वी कापसाचा रास्त भाव समजत असे त्याच्या वर, केवळ अधिक म्हणून, या पाच वर्षांत तिच्या पदरात सुमारे ८ कोटी १० लक्ष पौंड, म्हणजे त्या वेळच्या विनिमयाने ८१ कोटी रुपये पडले. नागपूर, वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि दक्षिण महाराष्ट्र या सर्व मुलखांतील कापूस गाड्यांतून, तांड्यांतून आणि १८६३ च्या एप्रिलात बोरघाटाचा मार्ग खुला झाल्यावर आगगाडीतून मुंबईकडे लोटू लागला. गाद्याउशांतील जुना कापूस पिंजून बाजारात आणल्याच्या आणि सधन झालेल्या कुणब्यांनी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या कथा त्याच काळातील आहेत. या कथांत अतिशयोक्ती असेल. पण कापसात माती, सरकी व पाणी घालून वजन वाढविण्याचा उद्योग इतका बोकाळला, की त्याच्या बंदोबस्तासाठी मुंबई सरकारला १८६३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

या समृद्धीची वार्ता कशी येई हे लक्षात घेतल्यावाचून पुढील प्रकाराचा उलगडा होत नाही. लिव्हरपूलचे भाव टपालाच्या आगबोटीने सुवेझच्या वाटेने येत, आणि त्यांना काही आठवडे लागत. म्हणजे मुंबईचा व्यापारी आज जो सौदा करी तो शिळ्या भावावर आणि पुढील टपालाविषयीच्या तर्कावर करी. ज्याला टपाल इतरांच्या आधी कळे त्याला काही तासांचे राज्य मिळे. सुरतेत १८३१ साली जन्मलेला, इंग्रजी जाणणाऱ्या पहिल्या देशी दलालांपैकी एक असलेला प्रेमचंद रायचंद हा बंदरात शिरणाऱ्या आगबोटींकडे भरसमुद्रात होड्या पाठवून भाव आधी काढून घेत असे, अशी प्रसिद्धी आहे. ती अक्षरशः खरी मानली वा न मानली तरी तीतून निघणारा बोध खोटा ठरत नाही. जी बातमी सर्वांसाठी छापली जाते ती, ज्यांना तिचा खरा उपयोग होता त्यांनी बहुधा आधीच वापरून टाकलेली असते. पुढे १८६४ साली इराणच्या आखातात तारेची दोरी टाकली गेली आणि १८६५ च्या आरंभी मुंबई युरोपशी तारेने जोडली गेली; पण तारेमुळे बातमी लवकर आली एवढेच, ती सर्वांना एकाच क्षणी मिळू लागली असे झाले नाही, आणि आजच्या विद्युद्वेगी यंत्रांनीही ते साधलेले नाही.

आलेला पैसा कोठे ठेवावा हा प्रश्न सोन्याचांदीने, घरांनी आणि दागिन्यांनी काही काळ सोडविला. त्यानंतर तो कंपन्यांनी सोडवावयास घेतला. टाउन हॉलसमोरच्या वडाखाली जमणारे शेअरदलाल या वर्षांच्या आरंभी साठाच्या आसपास होते, ते दोनअडीचशेंवर गेले. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका, १६ फायनॅन्शियल असोसिएशने, ८ जमीन-कंपन्या, १६ कापूस दाबण्याच्या प्रेस-कंपन्या, १० जहाज-कंपन्या आणि २० विमा-कंपन्या होत्या. यांतील ‘फायनॅन्शियल असोसिएशन’ या प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे: इतर कंपन्यांचे शेअर तारण घेऊन पैसे उसने देणे हाच तिचा मुख्य धंदा, आणि तिचे स्वतःचे शेअर पुन्हा इतर संस्थांकडे तारण, म्हणजे एका कागदाला दुसऱ्या कागदाचा जामीन आणि दुसऱ्याला तिसऱ्याचा, असा जामीनदारांचा एक गोल तयार झाला, ज्यात कोणीही कुळ नव्हते आणि प्रत्येक जण सावकार होता. लोकांना लाभांश नको होता, कारण लाभांश मिळण्यास कंपनीने काही काम करावे लागते आणि त्याला वेळ लागतो. लोकांना हवे असे ते वाटप, म्हणजे शेअर आपल्या नावे नेमून दिल्याचे पत्र, जे हाती पडताच अधिमूल्य घेऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालता येई. कंपनी निघण्यापूर्वीच तिच्या शेअरला अधिमूल्य बोलले जाई, आणि ते अधिमूल्य हीच त्या दिवसाची बातमी असे. बातमी खरी होती. तेवढे अधिमूल्य खरोखरच मिळत होते. ते कशासाठी मिळत होते, एवढा प्रश्न मात्र तिच्यात नसे.

या कंपन्यांचा शिरोमणी म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार टेकडीपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरात भर घालून नवी जमीन काढावी आणि ती विकून धनवान व्हावे ही कल्पना स्वतःपुरती मूर्खपणाची नव्हती; मुंबई शहरच मुळी भरावावर उभे आहे, आणि त्याच वर्षांत गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी किल्ल्याचा तट पाडून शहराला मोकळा श्वास घेऊ दिला होता. योजनेला रेल्वेची गरज होती, शहराच्या दाटीचे समर्थन होते, सरकारची सहानुभूती होती. मुंबई सरकारलाही या कंपनीत भाग देऊ केला गेला आणि तो घेण्याची इच्छाही मुंबई सरकारने दाखविली. पण हिंदुस्थान सरकारने अशा व्यवहारात सरकारने भागीदार होण्यास हरकत घेतली. समंजस वाचकाने त्या दिवशी वर्तमानपत्र मिटून विचार करावा असा हा क्षण होता. कारण ज्या सरकारने परवानगी द्यावयाची, देखरेख ठेवावयाची आणि तक्रार आल्यास न्याय करावयाचा, तेच नफ्यात वाटेकरी होऊ पाहत होते, आणि वरिष्ठ सरकारचा नकार हा त्या व्यवहाराच्या स्वरूपावरचाच शेरा होता. बाजाराने मात्र त्यातून एवढाच अर्थ काढला, की ज्यात सरकारलाही भाग हवासा वाटला ती वस्तू नक्कीच मौल्यवान असली पाहिजे. आणि ५,००० रुपये भरणा झालेल्या शेअरची किंमत ५०,००० पर्यंत चढल्याचे सांगतात.

परंतु शेअरचा उन्माद कितीही असला तरी तो स्वतःच्या पैशाने फार काळ टिकत नाही. त्याला उसना पैसा लागतो, आणि तो पुरविणारी संस्था म्हणजे बँक ऑफ बॉम्बे. १८४० साली सनद मिळून स्थापन झालेली ही बँक निमसरकारी होती. तिच्या भांडवलात सरकारचा वाटा होता, संचालकांत सरकारने नेमलेले संचालक बसत, आणि सरकारचा खजिना तिच्याकडे असे. तिच्या मूळ सनदेत कर्ज कोणास, कशाच्या तारणावर आणि कितीपर्यंत द्यावे यावर कडक बंधने होती. १८६१ च्या चलनविषयक कायद्याने नोटा काढण्याचा अधिकार अशा निमसरकारी बँकांकडून सरकारने स्वतःकडे घेतला, आणि त्या हानीची भरपाई म्हणून त्यांच्यावरील बंधने सैल करावी असे ठरले. त्यानुसार १८६३ साली बँक ऑफ बॉम्बेसाठी जो नवा कायदा झाला त्यात कंपन्यांच्या शेअरच्या तारणावर कर्ज देण्यास मुभा मिळाली आणि एका असामीला द्यावयाच्या कर्जाची मर्यादा उरली नाही. हा कायदा काही गुप्तपणे झाला नाही. तो छापलेला होता, ज्याला वाचावयाचा असेल त्याला वाचता येत होता. ज्या दिवशी शेअर विकत घेणाऱ्याला शेअरच्याच तारणावर सरकारी पाठबळाच्या बँकेतून कर्ज मिळू लागले, त्या दिवशी मुंबईच्या अर्थव्यवहारात सर्वांत मोठी घटना घडली. परंतु भावांच्या रकान्यात तिला जागा नव्हती, कारण कलमात केलेल्या फेरफाराला भाव नसतो. बँकेचे भांडवल दुप्पट आणि पुन्हा दुप्पट करण्यात आले, आणि त्याच्या बातम्या प्रगतीच्या बातम्या म्हणून वाचल्या गेल्या. प्रेमचंदच्या शब्दावर बँकेतून मोठाल्या रकमा सुटत, आणि तारण म्हणून त्या शेअरांचेच गठ्ठे बँकेच्या तिजोरीत येत.

धोक्याची सूचना मिळाली नाही असेही म्हणता येत नाही. १८६४ च्या शरद ऋतूत अमेरिकेत तह होणार अशा वावड्या उठताच लिव्हरपूलचे भाव कोसळले आणि तेथील अनेक पेढ्या बुडाल्या. म्हणजे ज्या मनोऱ्यावर मुंबई उभी होती त्याचा पाया युद्ध हा आहे, आणि युद्धे संपतात, ही गोष्ट उघड झाली होती. तेवढ्याने सावध होणारे काही थोडे होते. बहुसंख्यांनी भाव पुन्हा वर आल्याचे पाहिले आणि तेवढेच पाहिले. १८६५ च्या ९ एप्रिलला दक्षिणेच्या सैन्याचा सेनापती ली याने शरणागती पत्करली. ती वार्ता काही आठवड्यांत मुंबईस येऊन थडकली, आणि जगाला आनंदाची ठरलेली ही शांततेची वार्ता या शहराला मृत्युपत्रासारखी वाटली. वायद्याच्या सौद्यांच्या फेडीची तारीख १ जुलै १८६५ ही होती. जो तो दुसऱ्याचे देणे लागत होता आणि दुसऱ्याकडून घेणे असल्याच्या भरवशावर होता. त्या दिवशी देणी राहिली, घेणी नाहीशी झाली. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत चढलेला शेअर पुढे ८७ रुपयांस विकला गेला. दिवाळखोरांची संख्या एवढी झाली, की त्यांच्या निकालासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. पुढच्या वर्षी लंडनमध्ये ओव्हरेंड गर्नी ही मातब्बर पेढी मोडली, त्या धक्क्याने उरल्यासुरल्या संस्थाही गेल्या. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखा विद्वान, लोकमान्य वैद्य व पुरातत्त्वज्ञ या वावटळीत धनहीन झाला. बापाच्या पेढीच्या कामासाठी लंडनला गेलेल्या जमशेटजी टाटांच्या हातातील हुंड्याशेअर कवडीमोल झाले, आणि तेथील सावकारांनी त्यांच्या सचोटीवर विश्वासून निरवानिरवीचे काम त्यांच्याकडेच सोपविले. फेब्रुवारी १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती, ती १८७२ च्या शिरगणतीत ६,४४,४०५ भरली. या दोन आकड्यांतील अंतर हा त्या वर्षांचा सर्वांत स्पष्ट ताळेबंद आहे, आणि तो कोणत्याही बाजारभावाच्या पानावर छापला गेला नव्हता.

बँक ऑफ बॉम्बे काही काळ सरकारच्या आधाराने तगली. १८६८ साली ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली, आणि तेव्हा कोठे चौकशी झाली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने साक्षी घेतल्या आणि १८६९ साली अहवाल दिला. बँक बुडण्याची जी कारणे त्याने नोंदविली ती अशी: धोक्याचा व्यवहार करण्यास मुभा देणारा १८६३ चा कायदा, त्यात एका व्यक्तीस द्यावयाच्या कर्जावर मर्यादा नसणे, दुर्बळ व तत्त्वशून्य चिटणिसांनी केलेला अधिकारांचा गैरवापर, संचालकांची बेपर्वाई आणि अपात्रता, काळाचे असाधारण स्वरूप, आणि योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव. ही यादी पुन्हा एकदा सावकाश वाचावी. काळाचे असाधारण स्वरूप तर दररोज बाजारात दिसत होते; कायदा सरकारने छापून प्रसिद्ध केलेला होता; संचालक कोण आहेत आणि त्यांना बँकिंगचे ज्ञान किती आहे हे शहरात सर्वश्रुत होते; एका माणसाला बँकेत किती मोकळीक आहे याची तर लोक कौतुकाने चर्चा करीत. आयोगाने १८६८ साली जे प्रश्न विचारले त्यांपैकी बहुतेक प्रश्न १८६३ साली कोणाही साक्षर करदात्याला विचारता आले असते. त्यांची उत्तरे कदाचित त्याला मिळाली नसती. परंतु उत्तर न मिळणे हेदेखील एक उत्तरच असते, आणि शहाणा सावकार त्या उत्तरावर कर्ज देत नाही.

शहराच्या दिवाळ्याची कहाणी येथे संपते, तेथे खेड्याची सुरू होते, आणि अर्थवार्तेच्या पानांनी हिची दखल त्याहूनही उशिरा घेतली. पुणे आणि नगर या जिल्ह्यांत कापूस फारसा नव्हता. परंतु तेजीच्या वर्षांत धान्याचे भाव चढले, रेल्वेच्या कामांवर मजुरी वाढली, शेतकऱ्याची पत फुगली, आणि सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला. इंदापूर तालुक्याची १८३६ सालची तीस वर्षांची जमाबंदी संपत आली ती नेमकी याच सुमारास; सर्व्हे खात्याने चढलेल्या भावांच्या आधारे रयतेच्या ऐपतीचे अनुमान बांधले, आणि १८६७ पासून इंदापुरात व पाठोपाठ शेजारच्या तालुक्यांत साऱ्यात मोठी वाढ केली. भाव खाली आले. सारा आणि सावकाराचे रोखे तेवढे वरच राहिले. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी रयत सावकारांच्या घरांवर चालून गेली, आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत दंगे पसरले. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की बहुतेक ठिकाणी जमावाने माणसांना मारले नाही. त्याने मागितली ती खतपत्रे, रोखे आणि हुकूमनामे, आणि हाती लागली ती जाळली. निरक्षर म्हणविल्या गेलेल्या त्या माणसांना आपली आर्थिक स्थिती कोणत्या कागदात लिहिली आहे हे अचूक ठाऊक होते. दंग्यांनंतर आयोग बसला, आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. येथेही प्रश्न प्रथम आगीने विचारला गेला आणि मग चौकशीने.

न्यायबुद्धी सोडून या काळाचे वर्णन करू नये. त्या पैशातून मुंबईला काही चिरस्थायी वस्तू मिळाल्या. प्रेमचंदने १८६४ साली विश्वविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. त्याच्या आईच्या नावाने १८७८ साली पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आजही विद्यार्थ्यांना वेळ सांगतो. बॅकबेच्या कंपनीच्या भरावावरून पुढे रेल्वे गेली. कापसाचा व्यापार शिकलेल्या पेढ्यांनी नंतर गिरण्या काढल्या. साशंक नागरिक उद्योगाचा द्वेष्टा नसतो, आणि नसावाही. भराव घालणे, गिरणी काढणे, बँक चालविणे ही समाजोपयोगी कामेच आहेत. शंका घ्यावयाची ती या कामांविषयी नव्हे, तर या कामांच्या नावाने चालणाऱ्या, ज्यांत काम नाममात्र आणि कागद पुष्कळ असतो अशा व्यवहारांविषयी.

शंका वेळेवर घेतली तर काय होते, याचेही उदाहरण त्याच बॅकबेच्या पाण्याने पुढे दिले. पहिल्या महायुद्धानंतर गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत तोच भराव पुन्हा हाती घेण्यात आला. या वेळी कंपनीऐवजी सरकारचे विकासखाते, आणि शेअरऐवजी विकासकर्ज. खर्चाचा अंदाज प्रथम सुमारे पावणेचार कोटींचा होता, तो अल्पावधीतच सात कोटींवर गेला, आणि पुढेही वाढत राहिला. समुद्रातला गाळ उपसून भिंतीआड ओतला जात होता, आणि भिंतीतून तो पुन्हा समुद्रात निघून जात होता. कायदेमंडळाचे सभासद खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी बाजारभावांचा नाद न धरता अंदाजपत्रके, कंत्राटे आणि कामाची मोजमापे मागितली, आणि जे दिसले ते लिहून व बोलून जाहीर केले. १९२६ साली सर ग्रिमवुड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. विकासखात्यातील हार्वे या अभियंत्याने नरीमन यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि १९२८ साली ते त्यातून निर्दोष सुटले. योजना अर्धवट थांबली. त्याच भरावाच्या टोकाला आज नरीमन पॉइंट म्हणतात, आणि तेथल्या कचेऱ्यांत दररोज नव्या योजनांची अंदाजपत्रके तयार होतात.

१८६८ ची नवी बँक ऑफ बॉम्बे १९२१ साली इंपीरियल बँकेत मिसळली, आणि १९५५ साली तिची स्टेट बँक झाली. संस्थांची नावे बदलली, परंतु उसन्या पैशावर चढणाऱ्या भावांचा स्वभाव बदलला नाही. १९९२ च्या २२ एप्रिलला मुंबईचा निर्देशांक ४,४६७ वर होता, आणि त्याच्या आदल्या काही महिन्यांत तो दुपटीहून अधिक चढला होता. त्या चढणीचे वर्णन उदारीकरणाचे यश म्हणून रोज छापले जात होते, आणि उदारीकरण खरेच होते, भावही खरेच होते. २३ एप्रिलला सुचेता दलाल यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त लिहिले ते भावांविषयी नव्हते, स्टेट बँकेच्या रोख्यांच्या व्यवहारातील मोठ्या रकमेचा हिशेब जुळत नाही, एवढ्या एका गोष्टीविषयी ते होते. बँकांच्या पावत्यांवर चाललेला पैशाचा तो ओघ हर्षद मेहता या दलालाकडे वळत होता, आणि शेअर चढत होते ते त्या ओघावर. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर प्रश्न तोच निघाला, जो १८६३ च्या कायद्याच्या वाचकाने विचारावयास हवा होता: हा भाव कोणाच्या पैशाने चढला आहे, आणि तो पैसा देणाऱ्याच्या हाती तारण काय आहे?

आज नागरिकासमोर पडणाऱ्या अर्थवार्तेचा ढीग त्या काळच्या कितीतरी पट आहे. राष्ट्रीय उत्पन्नाची वाढ, महागाईचा दर, निर्देशांकाचा उच्चांक, एखाद्या कंपनीच्या भागविक्रीला आलेला कितीतरी पटींचा प्रतिसाद, एखाद्या सरकारी प्रकल्पाची कोटींतील रक्कम, या गोष्टी त्याला दर तासाला कळविल्या जातात, आणि त्या बहुधा खऱ्या असतात. त्यांवर अविश्वास दाखविण्यात शहाणपण नाही. त्यांना पूर्ण म्हणण्यात मात्र धोका आहे. साशंक नागरिकाने प्रत्येक भाववाढीच्या बातमीखाली मनात चार ओळी लिहाव्या: हा पैसा उसना आहे काय, असल्यास कोणाचा; तारण कोणते, आणि ते तारण स्वतःच याच भावावर अवलंबून आहे काय; अलीकडे कोणता नियम सैल झाला, आणि कोणाच्या विनंतीवरून; आणि ही सुबत्ता ज्या एका परिस्थितीवर टेकलेली आहे ती परिस्थिती उद्या संपली तर देणे कोणाच्या माथी येईल. शेवटच्या ओळीचे उत्तर मुंबईच्या इतिहासात एकदाच नव्हे, प्रत्येक वेळी सारखेच आले आहे: ते देणे वाटपाची पत्रे घेऊन वेळीच बाहेर पडलेल्या माणसावर पडले नाही, उशिरा शेअर घेणाऱ्या कारकुनावर, सरकारी खजिन्यातून म्हणजे करदात्यावर, आणि सारा भरणाऱ्या रयतेवर पडले.

चौकशी आयोग नेमण्याचा अधिकार सरकारकडे असतो, आणि सरकार तो अधिकार नुकसान झाल्यावरच वापरते, हा त्या अधिकाराचा स्वभावच आहे. परंतु आयोगाला लागणारी कागदपत्रे त्यापूर्वीच तयार असतात: कायद्यातील दुरुस्त्या, बँकांचे ताळेबंद, कंपन्यांची विवरणपत्रे, अंदाजपत्रकांच्या सुधारित आवृत्त्या, आणि यांतील बरीच आजच्या कायद्याने कोणालाही मागता येतात. नरीमन यांना कोणी आयोग म्हणून नेमले नव्हते. ते कायदेमंडळात प्रश्न विचारणारे एक सभासद होते, आणि तेवढ्याने सात कोटींच्या योजनेला उत्तर द्यावे लागले. भाव वाचणारे लाखो असतील. अटी वाचणारे थोडे असले तरी पुरतात, पण ते भाव पडण्याच्या आधी वाचणारे असले पाहिजेत.